कार्तिकातली फटफटी

कार्तिक अर्धा सरला की बसवनगुडीच्या रस्त्यांवर शेंगांचे ढीग पडायला लागतात. मी आता बनशंकरीला मुलीकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. तरी तो वास वर येतोच. मातीसकट उपटून आणलेल्या ओल्या शेंगांचा, आणि कुठंतरी वाळूत भाजत असलेल्या शेंगांचा. सकाळी धुकं असतं. मुलगी म्हणते, "आई, स्वेटर घाल, काटा आलाय बघ अंगावर." मी निमूट घालते. काटा थंडीचा नाही, हे तिला सांगत बसत नाही.

परवा खालच्या वळणावर एक मोटरसायकल थांबली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मी शेंगा सोलत होते, हात जागीच राहिला. तो मुलगा गाडी पुन्हा सुरू करून निघून गेला तेव्हा कुठं मी श्वास सोडला. साठाच्या वर वर्षं झाली. माणसं गेली, ते घर गेलं, ती फटफटीही कुणाच्या तरी भंगारात गेली असेल. पण गाडीचं इंजिन बंद पडलं की त्यापुढच्या शांततेत मी अजून मनात आकडे मोजायला लागते.

आमचं लग्न त्या वर्षी वैशाखात झालं होतं. मी चिकपेटातली. वडील कापडाच्या दुकानात कारकून, घर बाजाराच्या गल्लीत. हमालांच्या आरोळ्या, हातगाड्यांची चाकं, गिऱ्हाइकांची घासाघीस, ह्या सगळ्यात मी वाढले. सासर बसवनगुडीत, आणि तिथं इतकं शांत की दुपारी पानं गळल्याचं ऐकू यावं. घरात तीनच माणसं. सासूबाई, त्यांना सगळी आळी अक्का म्हणायची. हे. आणि मी. ह्यांचं नाव रंगनाथ, वय सत्तावीस. शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात इंजिनं चालवून तपासायच्या विभागात होते. चालत्या इंजिनाशेजारी दिवसभर उभं राहायचं आणि नुसत्या आवाजावरून आत काय दुखतंय ते सांगायचं. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. संक्रांतीनंतर डॉक्टरी तपासणी होती, मग कायमची ऑर्डर. अक्कांनी त्या ऑर्डरीवर सगळं टांगून ठेवलं होतं. घराची कौलं बदलणं, तिरुपतीला जाणं, सगळं "रंगाची ऑर्डर आली की."

पहिले काही महिने मी एकाच भीतीत काढले. ह्यांना मी आवडत नाही, ही ती भीती. मी स्वयंपाकघरातून विचारायची, "पाणी तापलंय, आणू का?" उत्तर नाही. ते झोपाळ्यावर पाठमोरे बसलेले असत. मी पुन्हा विचारी. तरी नाही. मग मी समोर जाऊन उभी राहिले की एकदम हसत. बोलत तेही केवढ्यांदा! अंगणापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे. मला वाटे, रागावलेत. अक्का समजूत घालायच्या, "तो तसाच गं, अबोल. स्वल्प दिवस जाऊ देत." माझ्या आत्तेबहिणीला सासरच्यांनी वर्षभरात परत पाठवलं होतं. ती मागच्या खोलीत मशीनवर लोकांची पोलकी शिवत बसायची. संध्याकाळी दिवा लावताना मला ती खोली दिसायची, आणि मशीनवर वाकलेली मान माझी असायची.

आणि त्यात ती फटफटी. युद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली, विलायती, एका सिलिंडरची, हिरव्या रंगावर काळा रंग फासलेली. ह्यांनी ती एका निवृत्त रेल्वे गार्डाकडून घेतली होती. उघड्या रस्त्यावर ती झकास पळायची. पण ॲक्सिलरेटर सोडला, गाडी हळू झाली, की इंजिन धापा टाकायचं, मागच्या नळीतून फट् फट् करायचं, आणि बंद. चौक आला की बंद. बैल आडवा आला की बंद. मग खाली उतरून लाथांवर लाथा. म्हणून हे गाडी कधी हळूच होऊ देत नसत. ब्रेक दाबतानासुद्धा एका हातानं इंजिन तापतं ठेवत, आणि फट दिसली की घुसत. सकाळी पहिल्या पाळीला ते धुक्यात निघत. मी दारात उभी राहून आवाज ऐकायची. पहिलं वळण. मग देवळाकडचा चढ. मग मोठा चौक. तिथं आवाज तुटायचा. मी मनात मोजायला लागायची. वीस, तीस, चाळीस. पुन्हा धडधड सुरू झाली की मी आत जाऊन चुलीपाशी बसायची. एखाद्या दिवशी आवाज परत सुरूच झाला नाही तर काय, ह्याच्यापुढं मला विचार करता यायचा नाही.

एकदा मी मागं बसले होते. दिवाळीनंतर माहेरी निघालो होतो. टाऊन हॉलच्या अलीकडे उतारावर गाडी रस्त्याच्या अगदी मधोमध बंद पडली. मागून लॉरी येत होती. तिचा तो किरटा हॉर्न माझ्या पाठीत घुसत होता. "अहो, बाजूला घ्या! लॉरी आलीय!" मी ओरडले. हे शांतपणे पाय ठेवून किक शोधत होते. मी त्यांचा सदरा ओढला, तेव्हा कुठं त्यांनी मान वळवली, आणि लॉरी नव्हे, आधी माझा चेहरा पाहिला. मग गाडी ढकलली. लॉरी हातभर अंतरावर करकचून थांबली होती. ड्रायव्हर बाहेर वाकून ओरडला, "सायक्के बंदिद्यानो?" मरायला आलायस काय रे! हे त्याच्याकडे पाहून हसले. मला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली. हा कसला माणूस, मरणाला हसतो?

रविवारी अंगणातल्या पेरूखाली कार्बोरेटर उघडला जायचा. एका जुन्या धोतरावर सगळे पितळी भाग ओळीनं मांडायचे. पेट्रोलच्या वाटीत ते बुचकळून काढायचे. आत एक बारीक तोटी असते, तिला जेट म्हणतात. गाडी जागेवर हळू चालताना त्या तोटीतून पेट्रोल येतं. कचरा अडकला की इंजिन उपाशी पडतं. त्या तोटीत तार घालायची नाही, भोक मोठं होतं. हे झाडूची एक काडी तासून घालत आणि मग तोंडानं फुंकत. मी बाजूला बसून बघायची. त्या कामात ते वेगळे दिसत. बोटं हलकी व्हायची. मला दाखवून सांगतही असत, मोठ्यानं, पण राग नसायचा. "हा हवेचा स्क्रू. आत फिरवला की हवा कमी. बाहेर फिरवला की जास्त. पेट्रोल आणि हवा जमली की ती जागेवर शांत चालते, कळलं?" मी मान डोलवायची.

पण जमत नव्हतं. जेट साफ, पेट्रोलचा बाऊल साफ, प्लग नवा. स्क्रू आत, स्क्रू बाहेर. चार रविवार गेले. ह्यांची मुद्रा आखडत चालली. आख्ख्या कारखान्याची इंजिनं ज्याला आवाजावरून कळतात, त्याला स्वतःची फटफटी कळत नव्हती.

आणि मला पहिल्या रविवारपासून एक आवाज ऐकू येत होता. कार्बोरेटर जिथं इंजिनाला जोडलेला होता, त्या सांध्यापाशी. स्स्स्, असा. दातांतून श्वास ओढल्यासारखा, बारीक, सलग. ह्यांना तो ऐकू येत असणारच, असं मी धरून चालले होते. जी गोष्ट मला कळते ती ह्यांना कळत नाही, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चौथ्या रविवारी मी उगीच बोलायचं म्हणून बोलले, त्यांच्या समोर बसून. "हा स्स् आवाज कशाचा हो?"

"कसला?"

"हा. इथं येतोय तो."

त्यांनी कान खाली नेला. इंजिन चालू होतं. आवाज तर अगदी स्पष्ट होता. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग उठले. "काही नाही. भास होतोय तुला," म्हणाले आणि पाना घेऊन त्या सांध्याचे दोन्ही बोल्ट करकचून आवळले. स्स् तर आणखी वाढला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि डोळ्यांत जे होतं ते मी आरशात रोज पाहत होते. ते घाबरले होते.

ती गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी ते खिडकीपाशी पाठमोरे पेपर वाचत होते. अक्का देवळात गेल्या होत्या. मी चार पावलांवर उभी राहिले. आधी म्हटलं, "चहा ठेवू का?" काही नाही. मग पोटातलं सगळं बळ एकवटून, नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "मी माहेरी निघून जातेय. कायमची."

त्यांनी पान उलटलं.

मी भिंतीला टेकले. आधी हसू आलं, खोटं वाटेल पण खरंच आलं. मी आवडत नाही असं नव्हतं तर! माझा बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. इंजिनाचा ठोका पोचत होता, अक्कांचा घोगरा आवाज पोचत होता, मी नाही, लॉरीचा हॉर्न नाही, तो स्स् नाही. आणि मग हसू जागच्या जागी गोठलं. हा माणूस रोज सकाळी धुक्यात त्या फटफटीवर बसतो, ती मधोमध बंद पडते, आणि मागून काय येतंय ते त्याला कळत नाही. आणि संक्रांतीनंतर डॉक्टर कानापाशी घड्याळ धरणार.

त्या आठवड्यात मी कुणाला काही बोलले नाही. हे मी आज सरळ सांगते, कारण पुढचं जे झालं त्यात माझाही वाटा आहे. सांगितलं तर नोकरी जाईल. नाही सांगितलं तर, पण ते "तर" मी पुरं करत नसे. रोज सकाळी वाटे, आज सांगू. ते गाडीला किक मारत, मी दारात उभी, ओठ उघडायचे आणि मिटायचे. संध्याकाळी फाटक वाजलं की वाटे, आले ना सुखरूप, आता उद्या. भीती माणसाला पळवते म्हणतात. मला तिनं खिळवून ठेवलं होतं.

कार्तिकातला शेवटचा सोमवार आला. बसवण्णाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा. आसपासच्या खेड्यांतून बायाबाप्ये पहिलं पीक घेऊन येतात, आधी नंदीला वाहतात, मग रस्त्याच्या दोन्ही कडांना ढीग घालून विकायला बसतात. त्या दिवशी रस्ता टरफलांनी मऊ होतो. दुपारी पाळी संपवून ह्यांना त्याच गर्दीतून घरी यायचं होतं. गर्दीत गाडी सारखी बंद पडेल म्हणून त्यांनी सकाळीच दुसरा, वेगाचा स्क्रू आवळून इंजिन चढतं ठेवलं होतं. म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला तरी ती आपली ओढ घेत राहायची. मला तो चढलेला आवाज आवडला नव्हता.

चार वाजले तरी ते आले नाहीत. अक्का ओसरीवर वाती वळत होत्या. शेजारच्या लक्ष्मम्मा फाटकातूनच ओरडत आल्या, "अक्का, रंगण्णाच्या गाडीखाली कुणी बाई आली हो!"

मी चपला घातल्या नाहीत. टरफलं पायाखाली चुरचुरत होती, तेवढंच आठवतं. देवळाच्या उताराला माणसांचं कडं पडलं होतं. आत एक म्हातारी रस्त्यावर बसली होती, एक पाय विचित्र वळलेला, भोवती तिच्या शेंगा विखुरलेल्या. ती ओरडत नव्हती, नुसती "अय्यो शिवने, अय्यो शिवने" म्हणत पायाला हात लावत होती. फटफटी आडवी पडली होती, खाली पेट्रोल सांडलं होतं. आणि हे उभे होते, सदरा फाटलेला, आणि भोवतीची माणसं एकदम ओरडत होती. कितीदा हाका मारल्या! म्हातारी वाकली होती, थांब म्हणून सगळे ओरडलो! एकानं त्यांची कॉलर धरली होती. आणि हे हसत होते.

तेच हसू. ज्याला नुसता गलका पोचतो, शब्द पोचत नाहीत, तो माणूस दुसरं काय करणार? ते हसून सांभाळून घेत होते, जसे घरात घेत, लॉरीवाल्यापुढं घेतलं होतं. पण गर्दीला तो माज वाटला. "नग्ताने नोड्रो!" कुणीतरी किंचाळलं, बघा, वर हसतोय! एकाच्या हातात काठी होती. ती वर गेलेली मी पाहिली.

मी कशी आत घुसले ते मला ठाऊक नाही. मी त्या काठीच्या आणि ह्यांच्या मध्ये होते आणि ओरडत होते, चिकपेटाच्या गल्लीत ओरडतात तशी, "होडीबेडि! होडीबेडि! अवरिगे किवि केळ्सल्ला!" मारू नका, त्यांना ऐकू येत नाही!

काठी खाली आली. कॉलर सुटली. आणि ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. शब्द पोचले नसतील, पण ओठ वाचले असतील, किंवा भोवतीच्या चेहऱ्यांवरून कळलं असेल. ते हसू चेहऱ्यावरून गेलं. त्यांना मारापासून वाचवल्याचं समाधान वगैरे मला काही वाटलं नाही. भर रस्त्यात मी त्यांचे कपडे उतरवले, असं वाटलं.

म्हातारीला टांग्यात घालून आम्ही दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड मोडलं होतं. तिचं नाव मुनियम्मा. प्लॅस्टर घालेपर्यंत हे बाकावर बसून होते, हात गुडघ्यांमध्ये.

घरी अक्का दारात होत्या. बातमी आधीच पोचली होती. "चारचौघांत बहिरा म्हणालीस माझ्या मुलाला?" मी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, ह्यावेळी हळू, "मला ठाऊक होतं गं. वर्ष होऊन गेलं. देवघरातली घंटा त्याच्या मागं वाजवून पाहिली होती मी." मग पदर तोंडाला लावून आत गेल्या. एका घरात तीन माणसं, तिघांना ठाऊक, आणि तिघं एकमेकांपासून लपवत होतो.

कारखान्यात कळायचं ते कळलंच. तपासणी संक्रांतीआधीच झाली. त्यांना त्या विभागातून काढलं आणि सुट्या भागांच्या गोदामात टाकलं. नोकरी राहिली, पण इंजिनांपाशी उभं राहणं संपलं. गेल्यासारखी राहिली, असं अक्का म्हणायच्या. तीन आठवडे फटफटी पेरूखाली पोत्याखाली झाकून होती, आणि घरात तिच्यासारखंच काहीतरी झाकलेलं.

मग एका रविवारी त्यांनी पोतं काढलं. मला हातानं खूण केली. किक मारली, इंजिन धडधडायला लागलं. ते मोठ्यानं म्हणाले, "कुठं येतो तो आवाज? बोट ठेव."

मी सांध्यावर बोट ठेवलं. त्यांनी तेलाच्या पिचकारीतून तिथं दोन थेंब टाकले. थेंब आत ओढले गेले, दिसलेसुद्धा, आणि इंजिनाचा सूर क्षणभर बदलला, सावरला, पुन्हा धापा टाकायला लागला. "हवा ओढतंय," ते म्हणाले. "इथून फुकटची हवा आत जातेय. मी आवळून आवळून कडा वाकवली." त्यांनी कार्बोरेटर उतरवला. खिडकीची एक जुनी काच आणली, तिच्यावर पॉलिश पेपर पसरला, आणि ती वाकलेली कडा सपाट होईपर्यंत घासत राहिले. जाड कागदाचं नवं पॅकिंग मी कातरीनं कापून दिलं. पुन्हा जोडलं, बेतानं आवळलं. मग मला समोर बसवलं. ते हवेचा स्क्रू फिरवायचे आणि माझ्याकडे बघायचे. घाई झाली की मी हात वर करायची, धाप लागली की खाली. पाव फेरा इकडे, केसभर तिकडे. एका क्षणी सगळं जमलं. इंजिन जागेवर चालायला लागलं, संथ, एकेक ठोका सुटा. मी हात तसाच हवेत धरला. स्स् नव्हता. त्यांनी तळवा टाकीवर ठेवला आणि डोळे मिटून बसून राहिले.

त्यानंतर ते गाडीवर एकटे क्वचितच गेले. मी मागं बसायची, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर. डावीकडून काही आलं तर डावा खांदा दाबायचा, उजवीकडून आलं तर उजवा. मागून हॉर्न आला की दोन्ही. माझी बोटं दुखायची. लोक बघायचे, बाई कशी गळ्यात पडून बसलीय. मी रस्त्याकडे लक्ष ठेवून असायची. भीती गेली नव्हती, आजही नाही. फक्त आता तिला करायला काम होतं.

पौषात आम्ही मुनियम्माला बघायला गेलो. बनशंकरीच्या देवळापलीकडे तेव्हा शेतंच होती, नाचणीची आणि शेंगांची, मध्ये चार मातीची घरं. आज मी जिथं राहते तिथंच कुठंतरी असेल ते, विचारायला कुणी उरलं नाही. फाटकाशी गाडी हळू झाली, बंद पडली नाही. मुनियम्मा दारात पाय पसरून बसली होती. प्लॅस्टर अजून होतं. ह्यांना पाहिल्यावर ती शिव्या देईल म्हणून मी पुढं झाले, सगळं माझ्यावर घ्यायला. पण तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती ह्यांच्याकडे बघत काहीतरी भराभर बोलली, खेड्यातली कन्नड, अर्धी दातांत अडकलेली, आवाज चिमणीएवढा.

ह्यांच्या चेहऱ्यावर ते हसू यायला लागलं. ओठांच्या कडा हलल्या. मी घाईनं त्यांच्याकडे वळले, सांगायला. त्यांनी हातानं मला थांबवलं. हसू गेलं. ते तिच्यापाशी खाली बसले, मातीत, आणि म्हणाले,

"केळ्सलिल्ला, अम्मा. इन्नोंद सल हेळि."

ऐकू आलं नाही, परत एकदा सांगा.

म्हातारीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग हात लांब करून त्यांची हनुवटी धरली, कान आपल्या तोंडाशी ओढला, आणि गावभर ऐकू जाईल अशी ओरडली, "ऊट माडकोंडु होगु अंदे कणो!"

जेवून जा म्हटलं रे!

घरातून तिची सून बाहेर आली, एवढा आवाज कसला म्हणून. कोंबड्या फडफडल्या. ह्यांचा कान लाल झाला होता. "सरी अम्मा," ते म्हणाले, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, आणि मांडी घालून नीट बसले. सुनेनं नाचणीचे गोळे आणि गरम सार आणून पुढं ठेवलं. मी त्यांच्या शेजारी बसले, पहिल्यांदाच डाव्या बाजूला, कारण त्या कानानं त्यांना स्वल्प बरं ऐकू येतं, हे मला गेल्याच आठवड्यात कळलं होतं.